शनिवारची खुर्ची

शनिवारी माझ्या आईच्या हाताला पेन लागत नसे. शुक्रवारी दिवेलागणीला ती पेनाला टोपण लावून ते फडताळात ठेवायची, आणि मग शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत तिनं काही लिहिलंय, विस्तव पेटवलाय किंवा टांग्यात बसलीय असं मी कधी पाहिलं नाही. एखाद्या गृहिणीच्या बाबतीत हे खपून गेलं असतं. माझी आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि शाळा शनिवारीही भरायची.

हल्ली मला नेतृत्व या विषयावर बोलायला बोलावतात. बँकेतल्या बऱ्यापैकी मोठ्या हुद्द्यावरून मी निवृत्त झाले, त्यामुळे हिला काहीतरी ठाऊक असणार असा लोकांचा समज आहे. थंडगार हॉलमध्ये तरुण अधिकारी वह्या उघडून बसतात, पडद्यावर बाण आणि वर्तुळं येतात, आणि मला मनातल्या मनात हसू येतं. जे थोडंफार मला कळतं ते मी औरंगाबादेत शिकले, गुलमंडीमागच्या जुन्या इमारतीत भरणाऱ्या शाळेत आणि शहागंजातल्या आमच्या दोन खोल्यांत. ते त्या बाणांमध्ये काही केल्या बसत नाही. म्हणून इथं सांगते.

आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले ज्यू. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. पोलीस ॲक्शनला काही वर्षं लोटली, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि इतका काळ उर्दूत चाललेल्या कचेऱ्यांना मराठीत कागद लिहिणारी माणसं हवी झाली. वडील बांधकाम खात्यात होते, त्यांची बदली इकडं झाली. इथं आम्ही नेमके कोण हे कुणालाच धड कळायचं नाही. वडिलांची टोपी पाहून शेजारचे चाचा त्यांना सलाम करायचे. आईचं मंगळसूत्र पाहून समोरच्या काकू तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या. शाळेतल्या निम्म्या शिक्षिका आम्हाला ख्रिश्चन समजून नाताळात केकची वाट बघायच्या. वडील कुणाचंच मन मोडायचे नाहीत. सलामाला सलाम करायचे आणि नाताळात केकसुद्धा आणायचे.

गावात सिनेगॉग नव्हतं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमायचे नाहीत. त्यामुळे जे काही करायचं ते घरात. शुक्रवारी संध्याकाळी आई पांढरी चादर अंथरून तेलाचा दिवा लावायची. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांचं सरबत केलेलं असायचं, आमच्याकडं वाइनच्या जागी तेच. त्या ग्लासावर हिब्रूत प्रार्थना म्हणायची. म्हणणाऱ्यानं पहिला घोट घ्यायचा, आणि तो घेईपर्यंत घरातल्या कुणी तोंडाला काही लावायचं नाही. मग ग्लास वयाप्रमाणं खाली खाली सरकायचा. त्यानंतर हातबोशी. मोठ्यानं दोन्ही तळवे पुढं करायचे, लहानानं त्यात आपला हात द्यायचा, तो क्षणभर धरायचा आणि सोडल्यावर दोघांनी आपापली बोटं ओठांना लावायची. मग त्या लहानानं वळून आपल्याहून लहानाला हात द्यायचा. अशी ती हातांहातांतून शेवटपर्यंत जायची. आमच्याकडं शेवटी धाकटा भाऊ होता, त्याला पुढं कुणी नव्हतं, म्हणून तो मांजराला हात द्यायचा.

दुसऱ्या घरांत प्रार्थना बाप म्हणतो. आमच्या वडिलांनी ती आम्हा भावंडांना पाळीपाळीनं म्हणायला लावली, आणि मुलगी म्हणून मला वगळलं नाही. चूक झाली तर तोंड वाकडं करायचे नाहीत, नुसते पुढचा शब्द पुटपुटायचे. त्या वेळी मला वाटायचं, त्यांना कंटाळा येत असेल.

आई शाळेत इंग्रजी शिकवायची. आधीच्या मुख्याध्यापिका आजारपणामुळं सोडून गेल्या, आणि संस्थेनं आईला वर्षभरासाठी त्या जागी नेमलं. वर्ष संपताना कायम करायचं की नाही हे संस्थेचे अध्यक्ष ठरवणार होते. आमच्या घरात या एका गोष्टीवर बरंच काही टांगलेलं होतं. माझे काका, मामा, आत्या, सगळे एकेक करून इस्राएलला निघाले होते. वडिलांच्या निवृत्तीला फार दिवस नव्हते. आईवडिलांनी आपसात ठरवलं होतं, आई कायम झाली तर इथंच राहायचं, नाही तर आपणही निघायचं. आईनं माळ्यावरची मोठी पेटी खाली काढून, पुसून भिंतीशी ठेवली होती. मी तेव्हा नववीत होते. मला अजिबात जायचं नव्हतं. वाळवंटात संत्री पिकवतात असं काकांनी कळवलं होतं, पण मला गुलमंडीची इमरती सोडून कुणाचीच संत्री नको होती. येताजाता मी त्या पेटीकडं रागानं बघायची.

मुख्याध्यापिका झाल्यावर पहिले काही शनिवार आईनं चूक केली, आणि ती चूक आमच्यातलंच माणूस करू शकतं. ती चालत शाळेत जायची, खुर्चीत बसायची आणि लिहायची मात्र नाही. सही लागेल ते सोमवारवर. रजेचा अर्ज सोमवारी, खडूची पेटी सोमवारी. आपण आपला नियम पाळतोय, कुणाला त्रास देत नाही, अशी तिची समजूत. एका शनिवारी एक बाप पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला लांबच्या खेड्यावरून आला. दाखला तयार होता, फक्त सही हवी होती. आईनं त्याला सोमवारी यायला सांगितलं. तो वाद न घालता बरं म्हणाला, रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि निघून गेला. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली असणार हे आईला तो फाटकाबाहेर गेल्यावर सुचलं. तो आठवडाभर ती घरात त्याचंच बोलत राहिली.

पुढच्या शुक्रवारी प्रार्थनेची पाळी धाकट्या भावाची होती. त्यानं ती एकदाही न अडखळता म्हटली. मग जगज्जेत्याच्या थाटात ग्लास दोन्ही हातांत धरून बसला. एक घोट घेतला, आमच्याकडं बघितलं, ग्लास काही सोडेना. आम्ही उपाशी. वडील त्याला शांतपणे म्हणाले, "घोट घ्यायचा आणि पुढं द्यायचा. ग्लास तुझा नाही, तुझ्याकडं आलाय."

भावानं ओशाळून ग्लास आईकडं दिला. आई तो हातात घेऊन इतकी स्तब्ध झाली की वडिलांना तिलाही तेच सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत तिनं शिवणकामाच्या बाईंना ऑफिसात बोलावलं, खुर्ची मागं ओढली आणि त्यांना बसायला सांगितलं. आज शाळा तुमची, सही तुमची, निर्णय तुमचा, मी तुमचा वर्ग घेते. शिवणाच्या बाई घाबरून हसायलाच लागल्या. त्यांना धीर द्यावा म्हणून आईनं त्यांचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला, आणि सोडल्यावर सवयीनं स्वतःची बोटं ओठांना लावली. शिवणाच्या बाईंना वाटलं खुर्ची घेताना असंच करत असतील, म्हणून त्यांनीही बोटं ओठांना लावली. मग त्या बसल्या.

तेव्हापासून दर शनिवारी एकीची पाळी आली. हातबोशी झाल्याशिवाय कुणी बसेना. आई त्या बाईंच्या वर्गावर जाऊन राम-सीतेची चित्रं रंगवून घे, पाढे म्हणवून घे, असं जे लागेल ते करायची. ज्या बाई खुर्चीत असतील त्यांना ती सगळ्यांदेखत विचारायची, मी मुलींना व्हरांड्यात बसवू का. त्या नाही म्हणाल्या तर बसवायची नाही. शिक्षकांच्या खोलीत या प्रकाराला संगीतखुर्ची असं नाव पडलं होतं. सगळ्यांचेच शनिवार सुरळीत गेले असं नाही. चित्रकलेच्या बाईंनी सुट्टीची घंटा अर्धा तास आधी द्यायला लावली आणि पालक येईपर्यंत मुली फाटकात कोंडल्या. आईनं त्यांना बोल लावला नाही. मुलींना रांगेत धरून मात्र तीच उभी राहिली.

गणिताच्या बाई सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांच्या नाकावर माशी बसायची नाही. त्या आपल्या शनिवारी शाळा कवायतीसारखी चालवायच्या आणि उरलेल्या शनिवारी धुसफुसायच्या. त्यांना खुर्ची आठवडाभर हवी होती, आणि खरं सांगायचं तर ज्येष्ठतेनं ती त्यांचीच होती. त्यांनी अध्यक्षांच्या कानावर घातलं, मुख्याध्यापिका शनिवारी कामच करत नाहीत, कुणालाही खुर्चीत बसवतात. मला त्यांचा तेव्हा संताप यायचा. आता त्या संतापातलं निम्मंच शिल्लक आहे.

अध्यक्ष म्हणजे फुलंब्रीकडचे मोठे बागायतदार. पांढरा फेटा, जीप आणि खणखणीत आवाज. मुलींची शाळा त्यांनी स्वतःची जागा देऊन उभी केली होती, त्यामुळं शाळेत त्यांचा शब्द खाली पडत नसे. ते न कळवता एका शनिवारी सकाळी आले. तो दिवस मराठीच्या तात्पुरत्या बाईंचा होता. या बाईही फुलंब्रीकडूनच रोज एसटीनं यायच्या. घरी मेंढरं होती, घराण्यात शाळेची पायरी चढलेल्या त्याच पहिल्या. त्यांना लागून जेमतेम काही महिने झाले होते आणि आपल्या पाळीच्या धसक्यानं त्यांनी सकाळी डबासुद्धा आणला नव्हता.

मी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले होते. शाळेत चाचणी चालू होती, आणि शनिवारी मीही लिहीत नसे. माझा पेपर सोमवारी वेगळा व्हायचा. त्यामुळं जे झालं ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

अध्यक्षांनी आत डोकावून विचारलं, मुख्याध्यापिका कुठं आहेत. मराठीच्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि आज मीच आहे असं म्हणाल्या. आवाज इतका बारीक की अध्यक्षांना तो दुसऱ्यांदा ऐकावा लागला. मग ते म्हणाले, सगळ्या पोरी पटांगणात गोळा करा, मला बोलायचंय. अध्यक्षांनी असं म्हटलं की घंटा वाजायची, हे शिपायालाही माहीत होतं. तो टोल घ्यायला निघालासुद्धा.

"थांबा," मराठीच्या बाई शिपायाला म्हणाल्या. मग अध्यक्षांकडं वळल्या. "पोरींची चाचणी चालू हाय, साहेब. ती झाली की गोळा करते. तवर तुमी चहा घ्या."

शिपाई जागच्या जागी उभा राहिला. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. त्यांनी आईला बोलवायला लावलं. आई चौथीच्या वर्गातून आली, पदराला मुलींच्या हातचा खडू लागलेला. अध्यक्षांनी खुर्चीकडं बोट केलं. "बाई, हितं बसा अन् पोरी बोलवा. झालं गेलं मी इसरतो."

त्या क्षणी घरी भिंतीशी ठेवलेली ती पेटी माझ्या डोळ्यांसमोर आली. आई बसली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. लिहायचंही नव्हतं, नुसतं बसायचं होतं. नियमसुद्धा मोडत नव्हता.

आई म्हणाली, "आज खुर्ची यांची आहे. चाचणी होऊ द्यायची असं यांनी ठरवलंय, म्हणजे होऊ द्यायची."

"तुमाला कायम करायचं का नाय हे माझ्या हातात हाय. ध्यानात हाय नव्हं?"

"आहे," आई म्हणाली. "पण मोठं माणूस आलं म्हणून दिलेली खुर्ची मी परत घेतली, तर पुढच्या शनिवारी इथं कुणी मनापासून बसणार नाही."

असं म्हणून ती मराठीच्या बाईंकडं वळली आणि मी वर्गावर जाऊ का असं विचारलं. बाईंनी मान हलवली. आई गेली. आता ती पेटी भरावी लागणार अशी मला भीती वाटत होती, आणि तरी इतका अभिमान मला त्याआधी कशाचाच वाटला नव्हता. दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

अध्यक्ष फणकारत बाहेर आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. दुसरी जागाच नव्हती. शिपायानं चहा आणला. बशीत ओतून त्यांनी तो भुरकला आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, तू का पेपर लिहीत नाहीस. मी म्हटलं, आज शनिवार आहे, आम्ही शनिवारी लिहीत नाही. त्यांनी विचारलं, आम्ही म्हणजे कोण. मी मुख्याध्यापिकांची मुलगी म्हटल्यावर ते थोडे सावरून बसले. मी त्यांना घाण्याचं सांगितलं, कोकणातले आमचे लोक शनिवारी बैल सोडून द्यायचे.

"अन् गिऱ्हाईक?" त्यांनी विचारलं.

"रविवारी यायचं."

त्यांनी उरलेला चहा बशीत ओतून संपवला. बशी रिकामी झाली तरी हातातच होती. मग माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलल्यासारखे म्हणाले, "मी दोन दिस गावाला गेलो तर आमच्या घरी समदं ठप्प. पोरं बाप झाली, तरी किल्ल्या माझ्या कमरंला. मला वाटायचं, हेच लई मोठं."

चाचणी संपली. मराठीच्या बाईंनी शिपायाला खूण केली, टोल पडला. मुलींच्या रांगा गणिताच्या बाईंनी लावल्या, नेहमीप्रमाणं सुतासारख्या सरळ. तक्रार त्यांचीच होती, पण मराठीच्या बाईंनी जिथं सांगितलं तिथंच त्यांनी रांगा उभ्या केल्या. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम लिहून ठेवते. अध्यक्षांनी दोनचार वाक्यांत भाषण आटोपलं, अभ्यास करा म्हणाले, आणि आईचा निरोप न घेता जीपमध्ये बसून गेले.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. आईनं पेटीत तळाला वर्तमानपत्रं अंथरली. वडील नकाशात तिकडची गावं दाखवायचे आणि मी बघायची नाही. दर शनिवारी मात्र खुर्ची पुढं पुढं जात राहिली. मराठीच्या बाई आता डबा आणायला लागल्या होत्या.

वर्षाच्या शेवटी स्नेहसंमेलनात अध्यक्ष बोलायला उभे राहिले. नाटकाचं कौतुक झालं, खेळांचं झालं. मग ते म्हणाले, आपल्या मुख्याध्यापिका बाईंना आम्ही कायम केलंय. टाळ्या वाजल्या. त्या थांबेपर्यंत ते थांबले आणि आईकडं बघून पुढं म्हणाले, "बाई, शनिवारी मी बी थोरल्याकडं किल्ल्या द्यायला लागलो. पहिल्याच शनिवारी त्यानं माझा लाडका बैल इकला." सगळे हसले. "पण देतो मी," ते म्हणाले आणि खाली बसले.

घरी गेल्यावर आईनं पेटीतली वर्तमानपत्रं काढून टाकली आणि तीत हिवाळ्याच्या गोधड्या भरल्या. वडिलांनी त्या शुक्रवारी सरबत जरा जास्तच गोड करायला लावलं. पाळी माझी होती. मी प्रार्थना म्हटली, घोट घेतला आणि ग्लास ताबडतोब पुढं दिला.

आई त्या शाळेतूनच निवृत्त झाली. तिच्यानंतर गणिताच्या बाईंना खुर्ची मिळाली, आठवडाभराची, आणि त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी मराठीच्या बाईंना. मी नोकरीनिमित्त गावोगाव फिरले, भाऊ तिकडं जाऊन स्थायिक झाला, आईवडील गेले. शहराचं नाव बदललं. आमच्यातलं आता तिथं कुणी राहत असेल असं मला वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात आईची इंग्रजी पुस्तकं शाळेला द्यायला मी गेले. वार मी पाहिला नव्हता, सकाळची शाळा म्हटल्यावर शनिवार आहे हे लक्षात आलं. इमारत नवी झाली आहे, बाक मात्र लाकडीच. आताच्या मुख्याध्यापिका मध्यमवयाच्या, जालन्याकडच्या. त्यांनी माझ्या आईला पाहिलेलं नव्हतं, तिचं नावही त्यांच्या कानावर नव्हतं. पुस्तकं बघून त्या आनंदल्या, आणि म्हणाल्या की जरा थांबा, पोच तुम्हाला या बाई देतील. शेजारी एक अगदी तरुण शिक्षिका उभी होती, कॉलेजातून नुकतीच सुटल्यासारखी. मुख्याध्यापिकांनी खुर्ची मागं ओढली. त्या मुलीचा हात दोन्ही तळव्यांत धरला, क्षणभर थांबल्या, सोडला. दोघींनी बोटं ओठांना लावली. मग ती मुलगी खुर्चीत बसली, आणि मुख्याध्यापिका खडू घेऊन वर्गावर जायला निघाल्या.

 मी त्यांना विचारलं, हे काय केलंत.

त्या थोड्या लाजल्या. "शनिवारी खुर्ची देताना असंच करतात आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "का ते मलाही माहीत नाही. आधीच्या बाई करायच्या, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी दाखवलं."

सांगण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं. घाणा होता, मनुकांचं सरबत होतं, तो दाखल्याविना परत गेलेला बाप होता. पण त्यांच्या वर्गाची घंटा झाली होती. मी माझे दोन्ही तळवे पुढं केले. त्यांनी काही न विचारता त्यात आपला हात दिला.

"आमच्याकडंही असंच करतात," मी म्हटलं.